व्हडलें घर : चांदरच्या एका वास्तूच्या निमित्ताने



मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेत बोलायला मिळणे हा मी माझा मान समजतो. या मालेत आजवर ग्रंथांवर, ग्रंथकारांवर, संतांवर आणि लढायांवर व्याख्याने झाली. मी आज एका घराविषयी बोलणार आहे. विषय लहान वाटेल. तो निवडण्यामागचे कारण थोडे खासगी आहे, ते आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घराची वाटणी झाली. फोंडा तालुक्यातले चौकाचे घर. मध्ये राजांगण, राजांगणात तुळस. भांडण झाले नाही, ही देवाची कृपा. सगळे भाऊबंद, आत्या, चुलतबहिणी जमल्या. भाणे, घंगाळे, पराती, समया, शिसवी पलंग, दोन आरामखुर्च्या, चौरंग, पाळणा अशी यादी झाली आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक वस्तूला धनी मिळाला. शेवटी पडवीत एक पत्र्याची पेटी उरली. तिच्यात मोडीतले जुने कागद होते. ती कोणीच मागितली नाही. एक काका म्हणाले, “तू इतिहास शिकवतोस, तूच ने.” मी नेली.

त्या पेटीत पणजोबांच्या हातची एक यादी निघाली. आम्ही केलेल्या यादीसारखीच, पण प्रत्येक वस्तूपुढे ती कोठून आली ते लिहिलेले. हे भाण अमक्या वर्षीच्या नारळांच्या पैशातून. ही समई धाकट्या बहिणीच्या सासरहून परत आली, ती वारल्यावर. हा पलंग एका कर्जदाराने कर्जापोटी दिला. तो शेवटचा शेरा वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. त्या पलंगावर आम्ही सगळी मुले दुपारी झोपत असू. तो दुसऱ्या कोणाच्या घरातून उचलून आणलेला होता, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तूंनी भरलेले घर टिकते ते कशामुळे? पैशामुळे, कायद्यामुळे, की आणखी कशामुळे? उत्तर शोधायला आमचे घर फार लहान. म्हणून मी गोव्यातल्या सर्वांत प्रसिद्ध घराकडे वळलो. साष्टी तालुक्यातले चांदर गाव आणि तिथले मिनेझिस ब्रागांझा व ब्रागांझा परेरा या दोन कुटुंबांचे घर हा आजचा विषय.

१. गाव

घराआधी गाव पाहिले पाहिजे. आजचे चांदर म्हणजे जुने चंद्रपूर. कुशावती नदीच्या काठावरची ही गोव्याची एक प्राचीन राजधानी. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमारास भोज राजा देवराज याने येथून दिलेला ताम्रपट शिरोड्याला सापडला. पुढे कदंबांनीही येथून राज्य केले आणि अकराव्या शतकात राजधानी समुद्राच्या बाजूला गोवापुरीला नेली. १९२९ मध्ये फादर हेरास यांनी येथे उत्खनन करून जुन्या देवळाचा पाया उघडा केला. शिर तुटलेला एक दगडी नंदी अजून तिथे बसून आहे. चंद्रपुरचा चंद्रनाथ मात्र पारोड्याच्या पर्वतावर आहे, नदीच्या पलीकडे.

साष्टी आणि बारदेश हे दोन महाल १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा हे देव नदी ओलांडून अंत्रूज महालात आले, ही कथा या सभागृहातल्या बऱ्याच कुटुंबांना घरचीच आहे. बेळगाव, इंदूर, बडोदा येथून कुलदैवताच्या दर्शनाला कवळ्याला, मंगेशीला, म्हार्दोळला येणाऱ्या माणसांना आपण पाहुणे म्हणतो. खरे तर ते त्या स्थलांतराचाच पुढचा टप्पा आहेत.

पण सगळेच गेले नाहीत. जमीन सोडून जाणे सोपे नसते. जे राहिले त्यांनी धर्म बदलला आणि जमीन राखली. चांदरचे हे घराणे मूळचे हिंदू, नंतर ख्रिस्ती झालेले, अशा राहिलेल्यांपैकी आहे. याच गावात कार्निव्हालच्या दिवसांत ख्रिस्ती गावकरी आजही मुसळ खेळ खेळतात आणि गाण्यांत जुन्या राजवटीच्या आठवणी घोळवतात. धर्म बदलला म्हणून स्मृती एका रात्रीत पुसली जात नाही. ती दुसऱ्या सणाला जाऊन चिकटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चांदर हे सीमेवरचे गाव होते. कुशावतीपलीकडचा मुलूख सौंद्याच्या राजाकडे होता. तो १७६३ नंतर पोर्तुगिजांकडे आला. त्याआधी, १७३९ च्या आरंभी, व्यंकटराव घोरपडे यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज साष्टीत उतरली होती आणि तिने मडगाव घेतले होते. सीमेवर राहणाऱ्या माणसाला घर आपले असते, राज्य कोणाचे ते बदलत राहते. बेळगावच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

२. घर

चांदरच्या चर्चसमोरच्या मोकळ्या चौकाची एक पूर्ण बाजू या घराने व्यापली आहे. मूळ बांधकाम सतराव्या शतकातले म्हणून सांगतात. आज दिसते ते रूप अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वाढत वाढत आले. चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौले, खिडक्यांची लांबच लांब रांग. मधोमध एक जिना. जिना चढून वर गेले की दोन दारे. पूर्वेकडचे ब्रागांझा परेरा कुटुंबाचे, पश्चिमेकडचे मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाचे. एका दर्शनी भिंतीमागे दोन घरे आहेत आणि जिना सामाईक आहे. पुढे जे सांगायचे आहे त्याच्यासाठी हा जिना लक्षात ठेवावा.

अशी घरे कोठून उभी राहिली? उत्पन्नाचे मूळ जमीन. माड, भात, मिठागरे. जमिनीच्या मालकाला आपण भाटकार म्हणतो आणि त्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्याला मुंडकार. दुसरे उत्पन्न सरकारी नोकरीचे आणि बाहेरगावच्या चाकरीचे. पोर्तुगीज साम्राज्य जिथे जिथे होते तिथे गोमंतकीय ख्रिस्ती वकील, वैद्य, पाद्री आणि कारकून गेले. १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाल्यावर तिथले डॉक्टर मोझांबिकपर्यंत पोहोचले. मकाव हे १८४४ पर्यंत कारभाराच्या दृष्टीने गोव्याच्याच हाताखाली होते. म्हणून चांदरसारख्या खेडेगावातल्या कपाटात चिनी मातीची निळी-पांढरी ताटे सापडतात. तो बाजारातला शौक नव्हता. घरचा माणूस तिथे नोकरीला असे, आणि येताना ताटे घेऊन येई.

घर मात्र गावच्या हातांनी बांधले. याचा आपण फार कमी विचार करतो. १५६७ च्या धर्मसभेने ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत असा नियम केला. असा नियम करावा लागला, याचाच अर्थ लोक करून घेत होते. सुतारकाम हिंदू मेस्तांच्या हातात होते आणि ते पुढेही राहिले. शिसवीच्या खुर्च्या, कोरीव पलंग, हस्तिदंताचे काम भरलेली खणांची पेटी हे सगळे त्यांचे काम. गोव्यात घडलेल्या त्या जुन्या पेट्यांपैकी काहींचे पाय पाहिले तर त्यांवर नागिणी कोरलेल्या दिसतात. लिस्बनच्या संग्रहालयात ती पेटी ‘पोर्तुगीज-भारतीय’ म्हणून ठेवतात. आपल्या भाषेत सांगायचे तर चारी-मेस्ताने साहेबाच्या टेबलाला देवळातला नाग लावला आणि साहेबाला तो आवडला.

आत गेल्यावर पाहुण्याला दिसते ते असे. दिवाणखान्यात संगमरवरी जमीन, छताला रंगवलेली वेलबुट्टी, बेल्जियमच्या काचेची झुंबरे, भिंतीलगत खुर्च्यांची रांग. जुन्या गोव्यात या दालनात नाच होत. पूर्वेच्या घरात राजा दों लुईस याने भेट दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या आहेत. त्याच घरात खासगी प्रार्थनागृह आहे आणि तिथे संत फ्रान्सिस झेवियरच्या नखाचा अवशेष जपला आहे. पश्चिमेच्या घरात ग्रंथालय आहे. सुमारे ५,००० पुस्तके. गोव्यातल्या मोठ्या खासगी संग्रहांत त्याची गणना होते.

एका बाजूला राजाच्या खुर्च्या आणि संताचे नख, दुसऱ्या बाजूला पुस्तके, आणि मध्ये एकच जिना.

३. पुस्तकांच्या बाजूचा माणूस

पश्चिमेच्या घरात १५ जानेवारी १८७८ रोजी लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचा जन्म झाला. ब्रागांझा हे पोर्तुगालच्या राजघराण्याचे नाव. या घरात ते मानाने मिरवले जाई. आणि याच नावाच्या माणसाने आयुष्यभर पोर्तुगीज सत्तेशी लेखणीने भांडण केले.

१९०० साली ‘ओ एराल्दो’ हे गोव्यातले पहिले दैनिक निघाले; त्याच्या उभारणीत ते होते. १९११ मध्ये त्यांनी ‘ओ देबात’ काढले. १९२८ मध्ये ‘प्रकाश’ काढले. पत्राची भाषा पोर्तुगीज, पण नाव आपले. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. त्यामुळे गोव्यातल्या हिंदूंना शतकांनंतर बरोबरीचे नागरिकत्व मिळाले. याच काळात चांदरच्या शेजारच्या केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये ‘भारत’ पत्र सुरू केले. मराठी वाचक ‘भारत’ वाचत आणि पोर्तुगीज जाणणारे मिनेझिस ब्रागांझांचे लेख वाचत. वाचकवर्ग वेगळा असला तरी गाऱ्हाणे एकच होते.

१९३० मध्ये सालाझारच्या राजवटीने ‘आक्तु कोलोनियाल’ हा वसाहतींविषयीचा कायदा आणला आणि वसाहतींतल्या प्रजेला खालच्या पायरीवर बसवले. तेव्हा गोव्याच्या विधिमंडळात उठून त्याचा निषेध करणारा आणि पोर्तुगीज हिंदच्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असे बजावणारा ठराव मिनेझिस ब्रागांझा यांनी मांडला. १० जुलै १९३८ रोजी ते वारले. १९६३ मध्ये पणजीच्या ‘इन्स्तितुतु वास्को द गामा’ या जुन्या संस्थेचे नाव बदलून ‘इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा’ करण्यात आले. वास्को द गामाच्या जागी चांदरच्या भाटकाराचे नाव लागले.

गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले अग्रणी त्रिश्तांव द ब्रागांझा कुन्य हेही चांदरलाच जन्मले. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती त्यांनी स्थापली. १९४६ मध्ये राम मनोहर लोहियांच्या मडगावच्या सभेनंतर त्यांना पकडून पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात डांबले. लुईस यांच्या कन्या बेर्ता याही लढ्यात होत्या. पोलिसांची नजर या घरावर असणारच. १९५० मध्ये कुटुंब गोवा सोडून बंगळूरला गेले आणि पश्चिमेचे घर बंद झाले.

१९६२ मध्ये, गोवा मुक्त झाल्यानंतर, कुटुंब परतले. बारा वर्षे कुलूप असलेले घर उघडले, तेव्हा झुंबरे, पुस्तके, ताटे जवळजवळ होती तशीच सापडली. ही गोष्ट गोव्यात कौतुकाने सांगतात. मला त्यात चमत्कार वाटत नाही. रिकाम्या घराच्या खिडक्या फोडायला रात्र लागत नाही. गावाने ते घर राखले. सामाईक जिन्याच्या दुसऱ्या बाजूला नातलग राहत होते, समोर चर्च होते, मागे मुंडकार होते. ज्यांना त्या घरातल्या ताटात कधी जेवायला मिळाले नसेल, त्यांनीही ती ताटे राहू दिली.

४. दोन कायदे

आता घरे मोडतात कशी, तेही पाहू. मडगावच्या बोर्डा भागात ‘सात बुर्जांचें घर’ म्हणून वाडा आहे. व्हाइसरॉयचा सचिव असलेल्या इनासियु द सिल्वा याने तो १७९० च्या सुमारास बांधला. छपराला सात शिखरे, म्हणून ते नाव. आज त्यांतली तीन उभी आहेत. नाव मात्र सातचेच चालते. गोव्यात अशी किती तरी घरे आहेत ज्यांचे नाव शाबूत आहे आणि छप्पर गळते आहे. यामागे दोन कायदे आहेत, आणि दोन्ही कायदे न्याय्य आहेत. हीच खरी अडचण आहे.

पहिला वारशाचा. जुन्या पोर्तुगालमध्ये ‘मोर्गादु’ पद्धत होती. थोरल्या मुलाकडे सगळी मालमत्ता अखंड जाई. १८६३ मध्ये ती बंद झाली. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून गोव्यात लागू झाला. या कायद्याने नवराबायकोची मालमत्ता सामाईक आणि मुलामुलींचा वाटा सारखा. हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या आज्ञेने सवलत मिळाली, पण मुलीचा वाटा हे तत्त्व रुजले. उरलेल्या हिंदुस्थानात मुलीला बापाच्या घरात वाटा मिळायला किती काळ लागला हे आपण जाणतो. आमच्या आत्यांनी घराच्या वाटणीला सन्मानाने हजर राहावे, हे त्या कायद्याचे देणे आहे.

पण घराच्या दृष्टीने पाहा. घरधनी वारला की ‘इन्व्हेन्तारियु’ची कारवाई सुरू होते. कुटुंबातला एक जण शपथेवर यादी करतो, किंमती लागतात, वारसांत बोली होते, वाटे पडतात. चार मुले असतील तर त्यांचे जोडीदार धरून आठ सह्या. त्या चारांना चार-चार झाली तर पुढच्या पिढीला बत्तीस. त्याच्या पुढच्या पिढीला एकशे अठ्ठावीस. त्यांतले काही मुंबईत, काही लिस्बनला, काही टोरांटोला. छपराचे एक कौल बदलायचे तर खर्च कोणी करायचा, आणि घर विकायचे तर इतक्या सह्या कोणी जमवायच्या? अशा वेळी घर कोणीच पाडत नाही आणि कोणीच दुरुस्तही करत नाही. पाऊस आपले काम करतो.

दुसरा कायदा जमिनीचा. १९६४ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गोव्यात कुळकायदा आला. १९७५ मध्ये मुंडकार कायदा झाला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याने कोकणातल्या खोतांच्या वाड्यांचे जे झाले, तेच येथे भाटकारांच्या घरांचे झाले. नारळ-भाताचे उत्पन्न आटले. झुंबर राहिले, पण ते पुसायला माणूस ठेवायची ऐपत राहिली नाही.

जुन्या घरांविषयी लिहिताना लोक येथे हळहळतात. माझ्या तोंडी ती हळहळ पूर्णपणे येत नाही, कारण पणजोबांच्या यादीतला तो कर्जदाराचा पलंग मला आठवतो. या घरांतली संपत्ती कोणाच्या तरी पाठीवरून आली. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी म्हामाय कामत यांचे घर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर हे घराणे पोर्तुगिजांचे आणि फ्रेंचांचे दलाल म्हणून काम करी. त्यांचे कागद पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात जपून ठेवले आहेत. पोर्तुगीज, फ्रेंच यांच्यासोबत मोडी मराठीतही. त्या कागदांत अफूचा व्यापार आहे आणि गुलामांचा व्यापारही आहे. हे आपल्याच भाषेत, आपल्याच लिपीत लिहिलेले आहे. त्या कुटुंबाने ते कागद जाळून टाकले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी ते अभ्यासकांना दिले. माझ्या मते गोव्यातल्या कोणत्याही झुंबरापेक्षा हा वारसा मोठा आहे.

५. सामाईक जिना

मग घर टिकते कशाने?

सरकारने ताब्यात घेऊन टिकते, असे एक उत्तर आहे. बडोद्याचा तांबेकर वाडा पाहा. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा एकोणिसाव्या शतकातला वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भिंतींवरची चित्रे वाचली, हे थोर झाले. पण आत चूल पेटत नाही. तिथे भिंती पाहता येतात; समईजवळ उभे राहून ‘ही आजीची’ असे सांगणारे कोणी नाही.

चांदरच्या घरात आजही माणसे राहतात. दोन्ही बाजूंना वंशज आहेत. पाहुणे येतात, देणगीच्या पेटीत काही टाकतात, त्यातून डागडुजी होते. कायदा त्यांनाही तोच, कुळकायदाही तोच. तरी हे घर उभे आहे, कारण त्यांनी एक गोष्ट वाटून घेतली नाही. खोल्या वाटल्या, वस्तू वाटल्या. जिना आणि दर्शनी भिंत सामाईक ठेवली. पूर्वेच्या प्रार्थनागृहाला राजाच्या खुर्च्यांशी देणेघेणे, पश्चिमेच्या पुस्तकांना राजाशी वैर. पण वर जायची वाट एकच. मतभेद असलेल्या माणसांनी एका घरात राहायचे असेल तर निदान एक जिना तरी दोघांचा असावा लागतो.

आपल्या हिंदू घरांत हे काम चवथ करते. गोव्यात मूळच्या घराला ‘व्हडलें घर’ म्हणतात. भाऊबंद पांगले, वेगळे झाले, कोर्टात गेले तरी गणपती व्हडल्या घरातच बसतो. दर वर्षी एकाची पाळी. ज्याची पाळी त्याने रंग काढायचा, कौले फिरवायची, माटोळी बांधायची. म्हणजे एका सणाच्या निमित्ताने दर वर्षी छपराची दुरुस्ती होते. वकील जे जमवू शकत नाही ते माटोळी जमवते. ख्रिस्ती घरांत हेच काम घरातल्या वेदीसमोरची लादाईन आणि फेस्त करतात. देव वेगळे असले तरी घर राखायची युक्ती एकच आहे. वाटेकऱ्यांना वर्षातून एकदा परत यायला कारण हवे.

म्हणून माझ्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे. घर पैशाने बांधता येते, पण पैशाने टिकत नाही. कायदा ते वाटून देऊ शकतो, एकत्र ठेवू शकत नाही. ते टिकते संमतीने. आणि ज्या वस्तूची गोष्ट कोणालाच ठाऊक नाही, तिच्याविषयी संमती कशी होणार? मग ती फक्त किंमत ठरते, आणि किंमत वाटताच येते.

या सभागृहातल्या बहुतेक घरांत असा एखादा पलंग, असे एखादे घंगाळ, अशी एखादी पेटी असेल. बेळगावला, इंदूरला, ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादला पाच-सहा पिढ्यांपूर्वी गेलेल्या मराठी माणसांनी नेलेल्या वस्तू अजून तिथे आहेत. त्यांपैकी किती वस्तूंपुढे कोणी काही लिहून ठेवले आहे? माझी एक साधी विनंती आहे. या चवथीला, दिवाळीला किंवा देवकार्याला घरची माणसे जमतील तेव्हा एक वही काढा. वस्तूचे नाव लिहा आणि पुढे कोठून आली ते लिहा. मानाने आली असेल तर मान लिहा. कर्जापोटी आली असेल तर तेही लिहा. लपवू नका. पणजोबांनी लपवले नाही, म्हणून आज मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

पुढे त्या पलंगाचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो वाटणीत माझ्या चुलतभावाकडे गेला. यादी वाचल्यावर मी त्याला फोन करून सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “त्या कर्जदाराचे नाव लिहिलेय का?” नाव आहे. गावही आहे. पुढच्या चवथीला आमची पाळी आहे, तेव्हा आम्ही दोघे त्या गावी जाऊन विचारणार आहोत. तिथे कोणी असेल की नाही, ठाऊक नाही. पण गेले पाहिजे, यावर आम्हां दोघांची संमती झाली आहे.